कालपीची बस आणि गोडसे भटजींची कावड

मागच्या मे महिन्यात मी झाशीहून कालपीला बसने गेले. अंतर सुमारे दीडशे किलोमीटर. नकाशात बघितलं तेव्हा वाटलं, डोंबिवलीहून पुण्याला जाण्यासारखंच आहे, फार तर चार तास. प्रत्यक्षात लागले नऊ. वाटेत उरईच्या अलीकडे बस बंद पडली, दुसरी येईपर्यंत आम्ही सगळे एका बंद टपरीच्या सावलीत बसून होतो, आणि दुसरी आली ती आधीच भरलेली. मी रोज डोंबिवली-ठाणे लोकलने जाणारी मुलगी. चौथ्या सीटवर अर्धं बूड टेकवून बसायची सवय आहे, त्यामुळे गर्दीचं काही वाटत नाही असा माझा समज होता. तो त्या दिवशी गेला.

रात्री कालपीला खोलीवर पोचल्यावर फील्ड डायरी उघडली. बसमध्ये जे काही खरडलं होतं ते वाचलं आणि लाज वाटली. पीएचडीच्या कामासाठी एवढ्या लांब आलेली मी, ज्या भागातून राणी लक्ष्मीबाई झाशी पडल्यावर कालपीकडे गेली त्याच भागातून दिवसभर प्रवास करत होते. डायरीत काय होतं? पाणी संपलं. गुडघे पुढच्या सीटच्या पत्र्याला घासून सोलपटले. पायाखाली कुणाची तरी गव्हाची गोणी. शेजारच्या आजींनी मीठ लावून काकडी दिली. पुन्हा पाणी. मुलूख कसा होता, गावं कुठली लागली, याबद्दल जेमतेम दोन ओळी.

पण त्याच रात्री मला माझ्या दुसऱ्या चॅप्टरमध्ये काय चुकलं होतं ते कळलं. आजची पोस्ट त्याबद्दल आहे. तुमच्यापैकी जे प्रवासवर्णनं, आठवणी, आत्मचरित्रं साधन म्हणून वापरणार आहेत त्यांना उपयोग होईल असं वाटतं.

आधी थोडी ओळख

विष्णुभट गोडसे हे वरसईचे. वरसई म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातल्या पेण तालुक्यातलं गाव. घर भिक्षुकीचं, डोक्यावर कर्ज. अशात बातमी आली की ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार आहेत आणि ब्राह्मणांना भरपूर दक्षिणा मिळणार आहे. १८५७ च्या उन्हाळ्याच्या तोंडावर विष्णुभट आणि त्यांचे काका रामभट उत्तरेकडे निघाले. तिशीतला पुतण्या आणि वयस्कर काका. डोक्यात राजकारण नाही, इंग्रज नाहीत. कर्ज फेडायचं आणि जमलं तर तीर्थयात्रा करून यायचं.

आणि ते थेट बंडात जाऊन पडले. इंदूर-महूच्या मुलखात असताना शिपायांच्या बंडाची हवा त्यांना लागली. पुढे ग्वाल्हेर, मग झाशी. झाशीत त्यांचा मुक्काम लांबला, आणि १८५८ च्या मार्चमध्ये सर ह्यू रोजच्या फौजेने शहराला वेढा घातला तेव्हा काका-पुतणे आतच होते. एप्रिलच्या सुरुवातीला झाशी पडली. त्यानंतरची कत्तल आणि लूट त्यांनी लपून बसून काढली. तिथून कालपी, चित्रकूट, ब्रह्मावर्त, लखनौ, अयोध्या, काशी. मिळालेली दक्षिणा वाटेत लुटली गेली, पुन्हा मिळवली, पुन्हा गेली. शेवटी पदरात पैसा असा उरलाच नाही. विष्णुभटांनी गंगेच्या पाण्याची कावड खांद्यावर घेतली आणि ती घेऊन वरसई गाठली. घर सोडल्याला तोवर दोन वर्षांहून अधिक काळ झाला होता. त्या गंगाजलाने त्यांनी आईवडिलांना स्नान घातलं.

हल्ली पाठीवर बोचकं टाकून देशोदेशी भटकणाऱ्यांचं कौतुक होतं. मला नेहमी वाटतं, आपल्याकडचा असा पहिला लिहिता भटक्या म्हणून गोडसे भटजींचं नाव घ्यायला हरकत नाही. फरक एवढाच की त्यांना परत फिरायची सोय नव्हती. वरसईच्या माणसाला तेव्हा बुंदेलखंड हा परमुलूखच. भाषा वेगळी, जेवण वेगळं, ओळखीपाळखीच्या मराठी घरांचा काय तो आधार.

कल्याणचा धागा

आता ही सगळी हकीकत आपल्यापर्यंत आली कशी? इथे कल्याण येतं.

भारताचार्य चिंतामण विनायक वैद्य १८६१ मध्ये कल्याणला जन्मले. पुढे ते न्यायाधीश झाले, महाभारतावर आणि मध्ययुगीन भारतावर त्यांनी मोठं लेखन केलं, १९०८ च्या पुण्याच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. पण १८८३ च्या सुमारास ते विशीतले तरुण होते. वैद्य कुटुंबाशी गोडसे भटजींचं जाणं-येणं होतं. भटजींच्या तोंडून बंडाच्या गोष्टी ऐकल्यावर या तरुणाने त्यांना सांगितलं, हे सगळं लिहून काढा. आज आपण ज्याला मौखिक इतिहास म्हणतो आणि ज्यावर कार्यशाळा भरवतो, त्याची सुरुवात अशीच होते: समोरच्या माणसाला काहीतरी माहीत आहे हे कुणाच्या तरी लक्षात येतं आणि तो विचारतो.

भटजींनी लिहिलं. पण पुस्तक निघालं १९०७ मध्ये, भटजी गेल्यानंतर. बंडाविषयीचा असा मजकूर इंग्रजी अमलात लगेच छापणं सोपं नव्हतं. शिवाय छापताना वैद्यांनी त्यात बरेच फेरफार केले. भाषा छापील पुस्तकाला शोभेल अशी केली, काही मजकूर गाळला, मांडणी बदलली. मूळ हस्तलिखित पुढे पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आलं, आणि त्यावरून दत्तो वामन पोतदारांनी ‘माझा प्रवास’ची मूळाबरहुकूम आवृत्ती काढली ती १९६६ मध्ये.

हे आकडे एका ओळीत मांडून बघा. प्रवास १८५७ ते ५९ च्या आसपास. लेखन १८८३ च्या सुमारास. पहिलं पुस्तक १९०७. मूळ मजकूर १९६६. म्हणजे घटना आणि भटजींचे स्वतःचे शब्द छापून येणं, यांत शंभरावर वर्षं गेली.

माझी चूक

माझ्या चॅप्टरमध्ये मी गोडसे भटजींच्या भाषेवरून काही निष्कर्ष काढले होते. राणीबद्दल ते किती आदराने बोलतात, इंग्रजांबद्दल कसे बोलतात, त्यावरून कोकणातल्या एका सामान्य भिक्षुकाच्या मनात १८५७ मध्ये काय होतं, वगैरे. वापरलेली आवृत्ती कोणती? ग्रंथालयात हाताला लागली ती. ती वैद्यांच्या परंपरेतली निघाली.

सरांनी समासात पेन्सिलीने एवढंच लिहिलं: “हे कोण बोलतंय?”

मला आधी रागच आला. भटजी बोलतायत, दुसरं कोण? मग पोतदारांची आवृत्ती शेजारी ठेवून वाचायला बसले. दोन दिवसांत माझे तीन निष्कर्ष कोसळले. ज्या शब्दांवर मी इमारत बांधली होती त्यातले काही भटजींचे नव्हतेच. आणि जे त्यांचे होते, ते १८५७ मधल्या तिशीच्या माणसाचे नव्हते. पंचवीस वर्षांनंतर आठवून लिहिणाऱ्या, पन्नाशी ओलांडलेल्या माणसाचे होते.

अठ्ठावीस पानं गेली. पण खरी अडचण पुढे होती. सरांचा प्रश्न ताणला तर हातात काहीच उरत नाही. संपादकाने बदललं, लेखकाने उशिरा लिहिलं, मग या पुस्तकातलं काय वापरायचं? काही महिने मी हाच विचार करत होते. ‘माझा प्रवास’ सोडून दुसरं साधन शोधावं इथपर्यंत आले होते. झाशी-कालपीची फेरी ही खरं तर शेवटचा प्रयत्न म्हणून होती.

डायरीने काय शिकवलं

त्या रात्री स्वतःची डायरी वाचताना लक्षात आलं की मी जे लिहिलंय त्यात एक पद्धत आहे. स्वतःच्या अंगाला जे लागलं ते बारीक आणि नेमकं आलंय. डोळ्यांनी बघितलेलं त्याहून कमी. आणि लोकांकडून ऐकलेलं, म्हणजे बस का बंद पडली, पुढची कधी येणार, हे सगळं गोंधळाचं. एक म्हणाला रेडिएटर, दुसरा म्हणाला डिझेल संपलं. मी दोन्ही लिहून ठेवलं होतं. खरं काय होतं ते मला आजही माहीत नाही.

हीच चाळणी गोडसे भटजींना लावली तर?

मी परत आल्यावर संपूर्ण पुस्तक नव्याने वाचलं, यावेळी पोतदारांचीच आवृत्ती, आणि वहीत तीन रकाने केले. पहिल्यात लेखकाच्या अंगावर आलेलं: भूक, तहान, चालणं, लपणं, लुटलं जाणं, पैशांचा हिशेब. दुसऱ्यात समोर बघितलेलं. तिसऱ्यात ऐकलेलं.

तिसऱ्या रकान्यात काय गेलं त्याचं एक सोपं उदाहरण. गंगाधरराव १८५३ मध्ये वारले. भटजी झाशीला पोचले त्यानंतर चार वर्षांनी. तेव्हा गंगाधररावांच्या दरबाराविषयी भटजी जे काही सांगतात ते शहरात कानावर आलेलंच असणार. ते निरुपयोगी नाही. झाशीचे लोक आपल्या मेलेल्या राजाबद्दल काय बोलत होते, याचा तो चांगला पुरावा आहे. फक्त गंगाधररावांबद्दलचा पुरावा म्हणून तो वापरता येत नाही. पुरावा तोच, प्रश्न बदलला की त्याची किंमत बदलते.

पहिला रकाना सगळ्यात भरला. आणि मी आधीच्या चॅप्टरमध्ये नेमका तोच सोडून दिला होता! वेढ्यातल्या अन्नपाण्याचे हाल, कुठे लपलो, किती रुपये गेले, कोणाच्या घरी जेवलो, हे मला ‘तपशील’ वाटलं होतं, आणि राणीबद्दलची वाक्यं म्हणजे ‘इतिहास’. प्रत्यक्षात उलटं होतं. युद्धाच्या काळात एका गरीब प्रवाशाला मुक्काम कुठे मिळतो, ओळख कशी उपयोगी पडते, दक्षिणा मिळवून ती टिकवणं का अवघड आहे, हे सांगणारी अशी मराठी साधनं विरळाच. संपादकाला किंवा लेखकाला देशभक्ती, राजभक्ती, अब्रू यांसाठी वाक्य बदलावंसं वाटतं. किती कोस चाललो आणि पाय कसे सुजले हे बदलण्यात फारसा कुणाचा फायदा नसतो.

पण इथेही सावध राहा

म्हणजे अंगाला लागलेलं ते सगळं खरं, असा नियम झाला का? नाही. मीही आठवडाभर तसं समजत होते.

पुस्तकातला बहुतेक सगळ्यांना माहीत असलेला प्रसंग घ्या. कालपीच्या बाजूला एका विहिरीपाशी भटजींना राणी भेटते. पराभवानंतरची, पठाणी वेशातली, धुळीने माखलेली, तहानलेली. भटजी पाणी काढून द्यायला पुढे होतात. ती म्हणते, तुम्ही विद्वान ब्राह्मण, तुम्ही माझ्यासाठी पाणी काढू नका, आणि स्वतः पाणी काढून ओंजळीने पिते.

तहान आहे, धूळ आहे, पोहरा आहे. माझ्या चाळणीप्रमाणे हा पहिल्या-दुसऱ्या रकान्यातला मजकूर. पण प्रसंगाचा मध्यबिंदू कोणता? सर्वस्व गेलेली राणीसुद्धा ब्राह्मणाचा मान राखते, हा. पंचवीस वर्षांनंतर, इंग्रजी राज्यात ज्याच्या वैदिक विद्येला पूर्वीचा भाव उरलेला नाही अशा भिक्षुकाला हा क्षण जपून ठेवावासा वाटणं किती साहजिक आहे! भेट झालीच नाही असं मी म्हणत नाही. भेट आणि तहान यांवर माझा विश्वास बसतो. संवादाकडे मी लेखकाच्या मनाचा पुरावा म्हणून बघते. एकाच परिच्छेदात दोन रकाने असू शकतात, आणि ते वेगळे करणं हेच आपलं काम आहे.

आणखी एक गोष्ट. भटजींनी हे सगळं लिहिलं तेव्हा प्रवासच बदलून गेला होता. १८५३ मध्ये बोरीबंदरहून ठाण्याला रेल्वे आली, पुढच्या वर्षी कल्याणला. भटजी निघाले तेव्हा घाटावर जाणारा रूळ खोपोलीपाशी, भोर घाटाच्या पायथ्याला थांबलेला होता. त्यानंतर आधी भोर घाट, मग थळ घाट ओलांडला गेला, आणि १८७० मध्ये जबलपूरमार्गे मुंबई-कलकत्ता सलग रेल्वे सुरू झाली. म्हणजे वैद्य जेव्हा ‘लिहा’ म्हणाले, तेव्हा कल्याणहून गाडीत बसून प्रयागला जाता येत होतं. मला वाटतं, पायी काढलेला तो सगळा रस्ता सांगण्याजोगा झाला त्याचं हेही एक कारण असावं. सगळेच चालत होते तोवर चालण्याची गोष्ट कोण ऐकणार? हा माझा तर्क आहे, थीसिसमध्येही तर्क म्हणूनच लिहिलाय.

त्याच वर्षी, त्याच गावची एक मुलगी

तुलनेशिवाय पद्धत पक्की होत नाही, म्हणून मी दुसरा प्रवास शोधला, आणि तोही कल्याणच्याच घरातला निघाला. भटजी आठवणी लिहीत होते त्याच सुमारास, ७ एप्रिल १८८३ रोजी, आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून बोटीत चढल्या. माहेर कल्याणचं, वय १८, सोबत नवरा नाही, अमेरिकन मिशनरी बायकांबरोबरचा प्रवास. ४ जूनला त्या न्यूयॉर्कला पोचल्या. ५८ दिवस. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन असं श्रीरामपूरच्या सभेत जाहीर करून निघालेल्या, त्यामुळे बोटीवर काय खायचं हा रोजचाच प्रश्न.

इथे साधन वेगळं आहे. आनंदीबाईंचं आयुष्य आपल्याला बरंचसं पत्रांतून कळतं. पत्र आठवणीसारखं पंचवीस वर्षं मुरलेलं नसतं. तेव्हा ते जास्त भरवशाचं? घाई करू नका. पत्र कुणाला लिहिलंय? गोपाळरावांना लिहिताना एक, आणि ज्यांना त्या मावशी म्हणत त्या न्यू जर्सीच्या कार्पेंटरबाईंना लिहिताना दुसरं. आपल्या माणसाला काळजी वाटू नये म्हणून आपण फोनवर ‘बरी आहे’ म्हणतो की नाही? मी कालपीहून आईला ‘प्रवास मस्त झाला’ असाच मेसेज केला होता. उद्या कुणी फक्त माझे मेसेज वाचले तर त्या नऊ तासांचा पत्ताच लागणार नाही. आणि ही पत्रंही आपल्यापर्यंत येतात ती बरीचशी चरित्रांतून: १८८८ मध्ये बोस्टनला निघालेलं कॅरोलाइन डॉल यांचं, आणि पाठोपाठ काशीबाई कानिटकरांचं. दोघींनी आपापल्या वाचकांसाठी निवड केली. पुन्हा तोच प्रश्न: हे कोण बोलतंय, आणि कुणाशी?

आठवण लिहिणारा हाल वाढवून सांगू शकतो, कारण तो सुखरूप परत आलाय. पत्र लिहिणारी ते झाकू शकते, कारण ती अजून वाटेत आहे. हे एकदा कळलं की दोन्ही साधनं वापरता येतात.

तुमच्यासाठी

सिनॉप्सिस लिहायला बसला असाल तर एवढं करून बघा.

पुस्तक उघडण्याआधी त्याच्या तारखा लिहा: घडलं कधी, लिहिलं कधी, छापलं कधी, कुणी. माझी अठ्ठावीस पानं या चार उत्तरांअभावी गेली. एकापेक्षा जास्त आवृत्त्या असतील तर त्या शेजारी ठेवून निदान वीस पानं ओळीने ताडून बघा. कंटाळवाणं काम आहे, पण त्याला पर्याय नाही. ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ चं, कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४ चं. जुन्या आवृत्त्या बघायच्या तर सुरुवात इथूनच करा, लगेच पुण्या-मुंबईकडे धावू नका.

मग रकाने करा. तीनच हवेत असं नाही, तुमच्या विषयाप्रमाणे ठरवा. आणि ज्या मजकुरावरून तुमची नजर ‘हे काय, तपशील’ म्हणून घसरते, तिथे थांबा. भूक, दुखणं, पैसे, मुक्काम, वाट बघणं. लिहिणाऱ्याने ते का लिहिलं असेल हा प्रश्न विचारा.

शेवटचं, फील्डवर्कला जाल तेव्हा डायरीत बसचे हाल लिहायची लाज बाळगू नका. मी ती पानं फाडून टाकणार होते. नवीन चॅप्टर आता सरांकडे गेलाय. समासात काय येतं ते बघू. यावेळी निदान ‘हे कोण बोलतंय’ला उत्तर देता येईल.